वेर्शोक, अर्शीन आणि साझेन आपल्या वीत-हातांत कसे मोजावेत?

प्रश्न असा आहे की, एकोणिसाव्या शतकातील रशियन कथा-कादंबऱ्या मराठीत आणताना ‘दोन अर्शीन बर्फ’, ‘सहा वेर्शोकी ओंडका’, ‘बारा वेर्शोक उंचीचा माणूस’ असे लांबीच्या जुन्या रशियन मापांचे उल्लेख पदोपदी येतात. त्यांचे सेंटीमीटर करून लिहिले तर वाक्याचा सूर बिघडतो, म्हणून ही मापे बोट, वीत, हात, वाव, पुरुष अशा अंगाच्या मापांत सांगायची झाल्यास कोणता हिशेब धरावा? रशियन शिकवताना आणि रशियनमधून मराठीत अनुवाद करताना माझा या मापांशी कायम संबंध येत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. हिशेब सोपा आहे. मात्र लेखकाने ते माप कशासाठी वापरले आहे, हे ठरवल्याशिवाय हिशेबाला हात घालू नये, कारण उंची, खोली, कापड, लाकूड आणि रस्ता यांसाठी एकच रशियन शब्द वेगवेगळ्या मराठी मापांकडे जातो.

आधी आकडे पाहू. ही मापे मुळात अंगावरूनच निघालेली होती, परंतु पीटर पहिला याच्या काळात साझेनची सांगड सात इंग्लिश फुटांशी घातली गेली आणि १८३५ साली निकोलाय पहिला याच्या फर्मानाने ती कायमची पक्की झाली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील ही रशियन लांबीची मापे सात इंचांच्या पटीत किंवा भागांत बसतात, आणि एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की कोष्टक पाठ करावे लागत नाही. साझेन म्हणजे ८४ इंच, त्याचा तिसरा भाग अर्शीन म्हणजे २८ इंच, अर्शीनचा चौथा भाग प्याद म्हणजे सात इंच आणि प्यादचा चौथा भाग वेर्शोक म्हणजे पावणेदोन इंच. मेट्रिकमध्ये हेच अनुक्रमे २१३.३६, ७१.१२, १७.७८ आणि ४.४४५ सेंटीमीटर होतात. आवर्त सारणीसाठी ओळखला जाणारा मेंदेलेयेव १८९३ पासून सेंट पीटर्सबर्गच्या वजनमापांच्या मुख्य कार्यालयाचा प्रमुख होता. त्याच्या प्रयत्नांतून आलेल्या १८९९ च्या कायद्याने अर्शीनचे मीटरशी असलेले नाते निश्चित केले आणि मेट्रिक मापे ऐच्छिक म्हणून मान्य केली, पण अर्शीनची लांबी तीच राहिली.

आता आपली बाजू. आपला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, हिशेबासाठी १८ इंच. वीत त्याच्या निम्मी, म्हणजे नऊ इंच. आणि हाताची २४ बोटे, म्हणून बोटाची रुंदी पाऊण इंच. ही दोन कोष्टके शेजारी ठेवली की फार समाधानकारक जुळणी दिसते. अर्शीन म्हणजे एक हात, एक वीत आणि वर अंगठ्याच्या रुंदीएवढा एक इंच. साझेन म्हणजे चार हात, एक वीत आणि चार बोटे, आणि यात काहीही शिल्लक उरत नाही. तीन साझेन म्हणजे नेमके चौदा हात. रशियन खेड्यातल्या लाकडी घराचे ओंडके पुष्कळदा तीन साझेन लांबीचे असत, त्यामुळे ‘तीन साझेनी घर’ असे आले तर ‘चौदा हात लांबीचे घर’ हे भाषांतर अंदाजी नसून बिनचूक ठरते.

सर्वांत जास्त गल्लत प्यादच्या बाबतीत होते. प्याद म्हणजे वीत असे सर्रास लिहिले जाते आणि दोन्ही मापे पंजा ताणूनच घेतली जात असल्यामुळे ते पटण्यासारखेही वाटते. परंतु पंजा टेबलावर उताणा न ठेवता पालथा ठेवून, अंगठा आणि करंगळी शक्य तितकी ताणून मोजपट्टी लावून पाहा. प्रौढ माणसाची वीत साधारण वीस ते तेवीस सेंटीमीटर भरते, म्हणजे प्यादपेक्षा एक ते तीन बोटे जास्त. मग करंगळी सोडून द्या आणि अंगठा व तर्जनी एवढीच ताणा. आता पट्टीवर सोळा ते अठराच्या दरम्यान आकडा येईल, आणि हीच रशियनांची ‘लहान प्याद’, जी पुढे पाव अर्शीन म्हणून सरकारी मापात शिरली. मराठीत या अंतराला स्वतःचे नाव आहे: टीच. म्हणून साध्या प्यादसाठी वीत न लिहिता टीच लिहावे, आणि जुन्या मजकुरात ‘मोठी प्याद’ असे स्पष्ट म्हटले असेल तेव्हाच वीत वापरावी. रशियनांमध्ये ‘कोलांटीसह प्याद’ असेही एक माप होते: टीच मारायची आणि मग तर्जनी दुमडून पुढे लोळवायची, म्हणजे टीचेत तर्जनीच्या पेरांची भर पडते आणि लांबी २७ ते ३१ सेंटीमीटरपर्यंत जाते. याला मराठीत एका शब्दाचे माप नाही. ‘वीत आणि वर तीन-चार बोटे’ असे उलगडून सांगणे बरे.

वेर्शोकसाठी बोटाची रुंदी न धरता बोटाची लांबी धरावी. तर्जनीच्या टोकापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतची दोन पेरे मिळून साधारण साडेचार सेंटीमीटर होतात, म्हणजे जवळजवळ एक वेर्शोक. रुंदीनेच सांगायचे तर तो दोन बोटांपेक्षा जास्त आणि अडीच बोटांपेक्षा किंचित कमी भरतो. एखाद्या वस्तूची जाडी एक-दोन वेर्शोक असेल तर ‘दोन पेरे’, ‘चार-पाच बोटे’ असे म्हणणे पुरते; चार वेर्शोक आले की लगेच टीच वापरावी, कारण कोणताही मराठी माणूस ‘नऊ बोटे जाड’ असे म्हणत नाही. ओंडक्यांची जाडी रशियात वेर्शोकांत सांगत आणि ती झाडाच्या शेंड्याकडच्या, म्हणजे बारीक टोकाला मोजत. सहा वेर्शोकी ओंडका म्हणजे साडेदहा इंच, आणि तो आपल्याकडे बरोबर ‘वीत आणि दोन बोटे’ होतो. बुंध्याकडे तो यापेक्षा जाड असणार, हे गोष्टीत कोणी तो ओंडका उचलत असेल तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अर्शीन हे मुख्यतः कापडाचे आणि घरगुती वस्तूंचे माप. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुमारे तेवढेच, फार तर दोन-तीन सेंटीमीटर जास्त, अंतर भरते. त्याच्याआधी प्रचारात असलेले लोकोत हे माप मात्र कोपरापासून मोजले जाई. ते म्हणजे थेट आपला हात, आणि मध्ययुगीन मजकुरात ते भेटले तर कोणताही हिशेब न करता ‘हात’ लिहून मोकळे व्हावे. अर्शीनला मराठी कापडदुकानातला ‘वार’ समजू नये, कारण वार ३६ इंचांचा आहे. सात अर्शीन कापडाचे साडेपाच वारांपेक्षाही किंचित कमी कापड होते, आणि ‘सात वार’ लिहिले तर गोष्टीतल्या गरीब बाईच्या अंगावर दीड वार कापड आपण फुकट चढवलेले असते. रशियन व्यापाऱ्यांच्या लाकडी पट्ट्या आपापल्या सोयीच्या लांबीच्या असत, म्हणून सरकारने दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या व शिक्का असलेला अर्शीन सक्तीचा केला. ‘स्वतःच्या अर्शीनने मोजणे’, म्हणजे दुसऱ्याला आपल्याच फूटपट्टीने जोखणे, हा वाक्प्रचार तिथलाच आहे.

साझेनबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण शब्दकोशांत त्याच्यासमोर बहुधा ‘वाव’ दिलेला असतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. वाव म्हणजे दोन्ही बाहू आडवे पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, चार हात, म्हणजे सहा फूट. रशियनांकडेही असा पसरलेल्या बाहूंचा साझेन होता आणि तो सुमारे १७६ सेंटीमीटरचा, म्हणजे अडीच अर्शीनचा धरत. त्याखेरीज ‘तिरपा साझेन’ होता: डाव्या पायाच्या टोकापासून उजव्या, वर उंचावलेल्या हाताच्या बोटांपर्यंतचे तिरकस अंतर, सुमारे २४८ सेंटीमीटर. सरकारी साझेन या दोहोंच्या मधला, २१३ सेंटीमीटरचा. त्याला वाव म्हटले की दर साझेनमागे एक फूट गळतो, आणि दहा साझेन खोल विहीर दहा फुटांनी उथळ होते. या लांबीला आपल्याकडचे खरे जोडीदार माप म्हणजे पुरुष. विहिरीची खोली सांगताना माणूस उभा राहून हात सरळ वर करतो तेवढ्या उंचीला आपण एक पुरुष म्हणतो, आणि साडेपाच फूट उंचीच्या माणसाची बोटे अशा वेळी सुमारे २१३ सेंटीमीटरपर्यंत पोहोचतात. म्हणून विहीर, खड्डा, भिंत किंवा लाकडाची रचलेली थप्पी असेल तर एक साझेन म्हणजे एक पुरुष. समुद्राचे पाणी असेल तर मात्र वावच घ्यावा, कारण रशियन आरमाराचा समुद्री साझेन सहाच फुटांचा होता, आणि कोकणातले मच्छीमारही पाण्याची खोली वावातच सांगतात. तिथे एक साझेन आणि एक वाव यांत तसूभरही फरक पडत नाही.

मजकूर पीटरच्या आधीचा असेल तर आणखी सावध राहावे. १०६८ साली राजपुत्र ग्लेबने त्मुताराकान ते केर्च हे समुद्रावरचे अंतर गोठलेल्या बर्फावरून मोजून १४,००० साझेन भरल्याचे एका संगमरवरी शिळेवर कोरून ठेवले. ती शिळा आज सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताझ संग्रहालयात आहे. सात फुटी साझेन धरला तर हे अंतर जवळजवळ तीस किलोमीटर होते, आणि प्रत्यक्ष सामुद्रधुनी ओलांडण्याचे अंतर त्याहून बरेच कमी आहे. म्हणून तो साझेन सुमारे दीड मीटरचा असावा असे अभ्यासक मानतात. अशा मजकुरात ‘पुरुष’ही नको आणि ‘वाव’ही नको, साझेन हा शब्द तसाच ठेवून खाली टीप द्यावी.

आता माणसाच्या उंचीचा मुद्दा, आणि माझ्या मते अनुवादकाने सर्वांत आधी शिकून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रशियन लोक उंची सांगताना पहिले दोन अर्शीन गृहीत धरून फक्त वरचे वेर्शोक बोलत. तुर्गेनेवच्या ‘मुमू’ या १८५४ साली छापून आलेल्या कथेतला मुका-बहिरा गेरासिम ‘बारा वेर्शोक उंचीचा’ आहे. बारा वेर्शोक म्हणजे केवळ ५३ सेंटीमीटर. म्हणून जो वाचक हिशेब करायला बसतो तो गोंधळून जातो. खरे गणित असे: दोन अर्शीनांचे ५६ इंच, बारा वेर्शोकांचे २१ इंच, मिळून ७७ इंच, म्हणजे सहा फूट पाच इंच. चार माणसांचे काम एकटा उपसणारा धिप्पाड गडी त्या आकड्यातून उभा राहतो. इथे मी हात किंवा वीत वापरणार नाही, कारण आजचा मराठी वाचक माणसाची उंची फूट-इंचांतच ऐकतो आणि ‘सव्वाचार हात उंच’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. अंगाचे माप वापरण्याचा हेतू वस्तू डोळ्यांसमोर आणणे हा असेल, तर जिथे फूट तेच काम जास्त चांगले करतो तिथे फूटच घ्यावा. घोड्यांची उंचीही अशीच, दोन अर्शीनांवरच्या वेर्शोकांत सांगितलेली असते: ‘दोन वेर्शोकी घोडा’ म्हणजे पाठीच्या वरच्या टोकापर्यंत सुमारे १५१ सेंटीमीटर. वाक्यात ‘दोन अर्शीन अमुक वेर्शोक’ असे पूर्ण लिहिले असेल तर अर्थातच पुन्हा दोन अर्शीन मिळवू नयेत. आकडा पंधरापर्यंतचा आहे, बरोबर अर्शीनचा उल्लेख नाही आणि विषय मोठ्या माणसाचा किंवा घोड्याचा आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की लपलेले दोन अर्शीन मिळवावेत. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांना हा नियम लावू नये.

बर्फ आणि पाणी यांच्या खोलीसाठी मराठीत जी तयार शिडी आहे ती मला स्वतःला फार आवडते, कारण घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेइतके, छातीभर, गळाभर या शब्दांत माणूस त्या पाण्यात प्रत्यक्ष उभा असतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसावर हिशेब बसवून पाहिला तर गुडघा सुमारे दहा-अकरा वेर्शोकांवर येतो. अर्शीनभर बर्फात मांडी बुडते. दीड अर्शीन बर्फ कमरेच्या वर जातो. आणि दोन अर्शीन, म्हणजे १४२ सेंटीमीटर, थेट हनुवटीला टेकतात. म्हणून प्रश्नातले ‘दोन अर्शीन बर्फ’ मी ‘गळाभर बर्फ’ असे करीन, ‘तीन हात बर्फ’ असे नाही, जरी तीन हातांचा आकडा जवळपास जुळत असला तरी. एक साझेन पाणी म्हणजे ‘पुरुषभर पाणी’, आणि पोहता न येणाऱ्या पात्रासाठी त्याचा अर्थ काय, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

रस्त्याच्या अंतरासाठी वेर्स्ता. ती ५०० साझेनची, म्हणजे १.०६७ किलोमीटर. तिचे अंगाच्या मापात रूपांतर होत नाही असे पुष्कळांना वाटते, पण ५०० साझेन म्हणजे १,५०० अर्शीन आणि अर्शीन म्हणजे सामान्य माणसाचे चालतानाचे एक पाऊल. तेव्हा वेर्स्ता म्हणजे दीड हजार पावले. शांत चालीने तिला बारा-तेरा मिनिटे लागतात. दोन मैलांचा कोस धरला तर तीन वेर्स्तांचा एक कोस होतो, आणि ग्रामीण पात्राच्या तोंडी ‘सहा वेर्स्ता’ऐवजी ‘दोन कोस’ शोभून दिसते. १६४९ च्या कायदेसंहितेतली वेर्स्ता मात्र हजार साझेनची, म्हणजे दुप्पट होती. सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनात गावांची अंतरे नकाशाच्या निम्मी भरली तर कारण बहुधा तेच असते. आणि कित्येकदा लांबीचे माप देण्याऐवजी चालण्याचे दिवसच दिलेले असतात. पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरलेला त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन आपल्या टिपणांत चौल ते पाली आठ दिवस, पालीहून उम्री दहा दिवस आणि तिथून जुन्नर सात दिवस असे लिहितो. हे दिवस किलोमीटरमध्ये बदलू नयेत. पावसाळ्यातला घाट, बरोबरचा घोडा आणि मुक्काम हे सगळे त्या आकड्यात आलेले आहे.

जिथे माप मुळात मोजण्यासाठी नाहीच, तिथे हिशेब अजिबात करू नये. ‘कपाळात सात प्याद’ असलेला माणूस म्हणजे अतिशय बुद्धिमान माणूस. सात टीचांचे चार फुटी कपाळ मराठीत लिहिणे अनर्थाचे ठरेल. ‘खांद्यांत तिरपा साझेन’ म्हणजे भरदार छातीचा, आडव्या बांध्याचा गडी. ‘कोलोमेन्स्कोयेची वेर्स्ता’ म्हणजे ताडमाड उंच माणूस. झार अलेक्सेय मिखाइलोविचच्या काळात मॉस्कोहून कोलोमेन्स्कोयेच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंतर दाखवणारे फार उंच खांब उभारले होते, त्यावरून हा प्रयोग आला. ‘मडक्यापासून दोन वेर्शोक’ असलेले पोर आपल्याकडे टीचभर किंवा वीतभर पोर होते, आणि ‘प्यादभरही जमीन देणार नाही’ याचे ‘तसूभरही जमीन सोडणार नाही’ असे होते. इंचाचा दहावा भाग असलेली रशियन ‘लिनिया’ अशीच हिशेबाबाहेर ठेवावी, पण वेगळ्या कारणाने: ती यंत्रांची आणि शस्त्रांची भाषा आहे. १८९१ च्या मोसिन रायफलला ‘तीन लिनियांची’ म्हणतात ती तिच्या ७.६२ मिलिमीटर नळीच्या व्यासावरून, आणि अंगाचे कोणतेही माप तिथे उपयोगाचे नाही.

प्रत्यक्ष काम करताना मी सुचवीन की, वरच्या सरासरी आकड्यांवर अवलंबून न राहता एकदा मोजपट्टी घेऊन स्वतःची दोन पेरे, टीच, वीत, हात, वाव आणि हात वर करून भिंतीवर टेकलेली बोटे मोजून एका कागदावर लिहून ठेवावीत, पाऊल किती सेंटीमीटरचे पडते तेही शंभर पावले चालून पाहावे. माझी टीच प्यादला जवळजवळ तंतोतंत जुळते, पण वीत हिशेबातल्या नऊ इंचांपेक्षा आखूड आहे. तुमचे उलट असू शकेल. मजकुरात एखादी वस्तू आली की आधी ती स्वतःच्या अंगावर मोजून डोळ्यांसमोर आणावी आणि नंतरच मराठी शब्द निवडावा. रूपांतर केलेला आकडा मूळ आकड्यापेक्षा जास्त काटेकोर दिसता कामा नये: लेखकाने ‘पाचेक साझेन’ म्हटले असेल तर ‘पाचेक पुरुष’ पुरे, ‘तेवीस हात’ नको. उलट, वाटणीच्या कागदपत्रात, खटल्यात किंवा सुताराच्या हिशेबात आकडाच कथेचा गाभा असेल, तर अर्शीन आणि वेर्शोक हे शब्द तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाजवळ एकदाच त्यांची लांबी सांगावी.

शेवटी काळाचा प्रश्न. १४ सप्टेंबर १९१८ च्या हुकुमाने सोव्हिएत सरकारने मेट्रिक पद्धत सक्तीची केली आणि १९२७ पर्यंत हा बदल पुरा झाला, परंतु लोकांच्या बोलण्यातून जुनी मापे लगेच गेली नाहीत. १९३० च्या दशकात घडणाऱ्या कथेत एखादा म्हातारा शेतकरी ‘तीन वेर्स्ता’ म्हणतो आणि शेजारचा तरुण ट्रॅक्टरचालक ‘तीन किलोमीटर’ म्हणतो, तेव्हा दोघांच्या अंतरांत प्रत्यक्षात दोनशे मीटरचा फरक असतो आणि लेखकाला तो अभिप्रेत नसतो. त्याला दोन पिढ्यांची बोली दाखवायची असते. अशा ठिकाणी म्हाताऱ्याला कोस द्यावा, तरुणाला किलोमीटर, आणि दोनशे मीटर सोडून द्यावेत.